चर्चच्या बांधकामावर खर्च करावा का?

(कौटुंबिक व समूह अभ्यासासाठी पाठ)

वाचनासाठी उतारे: निर्गम ३६:२-७, मार्क १२:३८ ते १३:२, योहान १२:१-८



पावसाळा संपला की आपल्या धर्मग्रामाची सर्वसाधारण सभा होईल आणि चर्चच्या दुरुस्तीचा विषय तीत निघेल. छप्पर गळते हे सर्वांना ठाऊक आहे. डाव्या बाजूच्या बाकांवर बसणारे छत्री मिटवतच नाहीत, असा विनोदही आता जुना झाला. परंतु छपराबरोबर आणखीही सूचना आल्या आहेत: नवा दर्शनी भाग, संगमरवरी वेदी, वातानुकूलन. ह्याविषयी माझ्याकडे दोन चिठ्ठ्या आल्या. एकीत लिहिले आहे, "फादर, आमची घरे टाइल्सची झाली आणि देवाचे घर मात्र तसेच पडके. आम्हांला लाज वाटते." दुसरीत लिहिले आहे, "शेजारच्या माणसाचे डायलिसिस पैशांअभावी चुकते. अशा वेळी चर्चला संगमरवर कशाला?"

दोन्ही चिठ्ठ्या प्रामाणिक आहेत आणि दोन्हींना पवित्र शास्त्रात आधार आहे. म्हणून सभेपूर्वी आपण ह्या प्रश्नाचा शांतपणे अभ्यास करू या.

१. जुन्या करारातील दोन बांधकामे

इस्राएल लोक मिसर देशातून निघाले आणि रानात त्यांनी देवासाठी निवासमंडप उभारला. मोशेने दान मागितले, पण एक अट घातली: ज्याच्या मनात येईल त्यानेच द्यावे (निर्गम ३५:५). लोकांनी बाळ्या, अंगठ्या, सूत, कातडी, लाकूड आणले. पुढे कारागीरच मोशेकडे येऊन म्हणाले की कामाला लागते त्यापेक्षा जास्त जमले आहे. तेव्हा मोशेने छावणीत दवंडी पिटवली की आता कोणी काही आणू नये. "आता पुरे" असे सांगणारी ही बांधकाम समिती बायबलमध्ये अपूर्वच म्हणावी लागेल!

ह्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. निवासमंडपासाठी बाळ्या देणाऱ्या ह्याच लोकांनी थोड्याच दिवसांपूर्वी बाळ्या उतरवून सोन्याचे वासरू घडवले होते (निर्गम ३२:२-४). सोने तेच, हातही तेच. एकदा त्यातून मूर्ती झाली, एकदा देवाचा निवास झाला. तेव्हा केवळ सोने वापरले म्हणून काम वाईट ठरत नाही, आणि केवळ देवाचे नाव दिले म्हणून ते चांगलेही ठरत नाही.

दुसरे बांधकाम शलमोन राजाचे. यरुशलेमचे मंदिर सात वर्षांत पूर्ण झाले. ते अतिशय भव्य होते. स्वर्गात मावत नाही तो देव ह्या घरात कसा मावेल, अशी नम्र प्रार्थना शलमोनाने अर्पणाच्या दिवशी केली (१ राजे ८:२७). पण ह्या मंदिरासाठी त्याने तीस हजार इस्राएली माणसे वेठीला धरून लबानोनात पाठवली होती (१ राजे ५:१३-१४). शिवाय स्वतःचा राजवाडा बांधायला त्याने तेरा वर्षे घेतली. त्याच्या मृत्यूनंतर लोक नव्या राजाकडे आले आणि म्हणाले की आमच्या मानेवरचे जू हलके करा. राजाने ऐकले नाही. लोकांनी वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला दगडमार करून ठार केले आणि राज्य दुभंगले (१ राजे १२). मंदिर उभे राहिले, पण लोक तुटले.

संदेष्ट्यांनीही दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. बंदिवासातून परतलेले लोक स्वतःच्या घरांना लाकडी तक्तपोशी करून राहत होते आणि देवाचे मंदिर ओसाड पडले होते, तेव्हा हाग्गयने त्यांना फटकारले (हाग्गय १:४). पहिली चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी हा उतारा वाचावा. उलट, परके, अनाथ आणि विधवा ह्यांच्यावर जुलूम करून "हे देवाचे मंदिर आहे" असे घोकणाऱ्यांना यिर्मयाने मंदिराच्या दारातच उभे राहून खडसावले (यिर्मया ७:१-११). दुसरी चिठ्ठी लिहिणाऱ्यांच्या बाजूने यिर्मया उभा आहे. दोघेही देवाचेच संदेष्टे होते. एकाचे ऐकून दुसऱ्याला गप्प करण्याची मुभा आपल्याला नाही.

२. प्रभू येशू आणि मंदिर

प्रभू येशूने मंदिराचा तिरस्कार केला नाही. तो तेथे जाई, तेथे शिकवी, त्याला पित्याचे घर म्हणे. पण मंदिर हे अंतिम आहे असे त्याने कधी मानले नाही.

बेथानीच्या प्रसंगी मरियेने जटामांसीचे मोलवान तेल प्रभूच्या पायांना लावले. त्याची किंमत तीनशे दिनार होती. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे हे जवळजवळ वर्षाचे उत्पन्न झाले. यहूदाने गरिबांचे नाव पुढे करून आक्षेप घेतला. संत योहान स्पष्ट सांगतो की त्याला गरिबांची काळजी नव्हती, त्याच्याकडे थैली होती. "चर्चला कशाला, गरिबांना द्या" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावे: मी गरिबांना खरोखर काही देतो का?

मात्र ह्याच प्रसंगातील एका वाक्याचा आपण फार गैरवापर करतो. गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील, हे प्रभूचे शब्द ऐकवून काही लोक गरिबांचा विषयच बंद करतात. पण प्रभू येथे अनुवादाच्या १५ व्या अध्यायाचा आधार घेत आहे. त्या वचनाचा पुढचा भाग असा आहे की देशात गरीब नेहमी असतील म्हणूनच तू आपल्या बांधवासाठी हात सैल सोड (अनुवाद १५:११). प्रभूचे श्रोते तो भाग पाठ जाणत होते. आपण तो विसरलो आहोत.

मरियेने तेल ओतले ते स्वतःचे. तिने गावातून वर्गणी काढली नव्हती. प्रेमाने स्वतःचे उधळणे वेगळे आणि दुसऱ्याच्या घामाचे उधळणे वेगळे. मला वाटते, ह्या विषयातील निम्मे वाद हा फरक लक्षात घेतला की मिटतात.

आता मार्ककृत शुभवर्तमानातील उतारा सलग वाचा. आधी प्रभू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना दोष देतो. लगेच एक गरीब विधवा दानपेटीत दोन दमड्या टाकते आणि प्रभू तिची स्तुती करतो. त्यानंतर शिष्य मंदिराचे प्रचंड दगड दाखवतात आणि प्रभू सांगतो की ह्यातला एकही दगड दगडावर राहणार नाही. आपण ह्या तीन गोष्टी वेगवेगळ्या रविवारी ऐकतो, म्हणून त्यांचा संबंध ध्यानात येत नाही. विधवेचे सर्वस्व गेले ते ह्याच मंदिराच्या तिजोरीत. हेरोदाने सुरू केलेले हे बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने ते मंदिर जाळले आणि पाडले. दगड पडले, पण त्या दोन दमड्या देवाने विसरल्या नाहीत. दानपेटी उघडताना प्रत्येक धर्मगुरूच्या मनात हे भय असले पाहिजे. ती दमडी कोणत्या घरातून आली आहे हे मला माहीत नसते, प्रभूला माहीत असते.

३. सुरुवातीची ख्रिस्तसभा

पहिल्या काळात ख्रिस्ती लोकांना चर्चच्या इमारती नव्हत्या. ते घरांत जमत. सिरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात तिसऱ्या शतकातील असे एक घर सापडले आहे. दोन खोल्यांमधील भिंत काढून श्रद्धावंतांना जमण्यासाठी मोठी खोली केलेली होती. तिच्यात सजावट जवळजवळ नव्हती. पण स्नानसंस्काराच्या लहान खोलीत भिंतीवर उत्तम मेंढपाळाचे आणि प्रभूच्या चमत्कारांचे रंगीत चित्रण होते. छळाच्या काळातही, जेथे माणूस देवाचे लेकरू होतो ती जागा सुंदर असावी असे त्या लोकांना वाटले. सौंदर्याची ओढ ही श्रीमंतीतून आलेली नाही, श्रद्धेतून आलेली आहे.

त्याच शतकात, इ. स. २५८ मध्ये, रोममध्ये संत लॉरेन्स ह्यांना रक्तसाक्षित्व लाभले. परंपरा सांगते की अधिकाऱ्यांनी ख्रिस्तसभेची संपत्ती मागितली तेव्हा ह्या उपयाजकाने गरीब, लंगडे, आंधळे ह्यांना पुढे उभे केले आणि हीच आमची संपत्ती असे सांगितले. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज ह्यांनी युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची सोन्याची पवित्र पात्रे मोडली. टीका झाली, तेव्हा त्यांनी उत्तर दिले ते असे की, सोन्याची भांडी राखण्यापेक्षा माणसे राखणे बरे.

संत जॉन क्रिझोस्टोम ह्यांनी अँटिओख येथे मत्तयकृत शुभवर्तमानावर दिलेल्या प्रवचनांत हाच विषय हाताळला आहे. चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रे आणि बाहेर तोच ख्रिस्त उघडा कुडकुडत असलेला, हे त्यांना सहन होत नसे. पण ते पुढे असेही बजावतात की मी अशी दाने देऊ नका म्हणत नाही. दाने द्या, पण त्यांच्यासोबत आणि त्यांच्याआधी गरिबाला द्या. ह्यात महत्त्वाचा शब्द "आधी" हा आहे. प्रश्न दोहोंतून एक निवडण्याचा नाही. प्रश्न क्रमाचा आहे.

४. ख्रिस्तसभेची शिकवण

तत्त्वज्ञानात आम्हांला साध्य आणि साधन ह्यांतला भेद शिकवत. औषध हे साधन, आरोग्य हे साध्य. औषध किती घ्यावे हे आरोग्य ठरवते. औषध जास्त घेतले म्हणजे आरोग्य जास्त असे होत नाही. चर्चची इमारत हे साधन आहे. देवाची उपासना आणि उपासनेतून घडणारा श्रद्धावंतांचा समाज हे साध्य आहे. देवाचे खरे मंदिर तुम्हीच आहात, असे संत पौल सांगतो (१ करिंथ ३:१६), आणि संत पेत्र आपल्याला जिवंत धोंडे म्हणतो (१ पेत्र २:५). म्हणून इमारतीवर किती खर्च करावा ह्याचे माप इमारतीत सापडत नाही. ते त्या जिवंत धोंड्यांकडे पाहून ठरवावे लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की पवित्र कलेत उदात्त सौंदर्य असावे, नुसता डामडौल नसावा. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी दोन परिपत्रकांत दोन गोष्टी सांगितल्या, त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. १९८७ सालच्या सामाजिक परिपत्रकात ते म्हणतात की लोक गरजेत असताना चर्चमधील अनावश्यक दागिने आणि महागड्या वस्तू राखत बसता येणार नाही. त्या विकून भुकेल्यांना अन्न, वस्त्र, निवारा देणे हे कर्तव्यही ठरू शकते. आणि २००३ साली पवित्र मिस्साबलिदानावरील परिपत्रकात ते बेथानीच्या स्त्रीची आठवण देऊन म्हणतात की प्रभूच्या सन्मानासाठी खर्च करायला ख्रिस्तसभा कधी कचरली नाही. पोप तेच आहेत. त्यांनी मत बदलले नाही. प्रेमाची ही दोन अंगे आहेत.

५. इतिहासातील दोन धडे

रोममधील संत पेत्राच्या महामंदिराची पायाभरणी १५०६ साली झाली आणि अभिषेक १६२६ साली, म्हणजे बरोबर १२० वर्षांनी. त्याच्या निधीसाठी दानाच्या बदल्यात दंडमाफी जाहीर झाली आणि काही ठिकाणी तिचा बाजार मांडला गेला. १५१७ साली मार्टिन ल्यूथर ह्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढच्या फुटीला इतरही कारणे होती, पण ठिणगी ह्या पैशांतून पडली. १५६२ साली ट्रेंट परिषदेने असा निधी गोळा करत हिंडणाऱ्यांचे पदच रद्द केले. ते महामंदिर पाहताना आजही मन भरून येते. पण त्याची किंमत केवळ सोन्यात मोजता येत नाही.

दुसरा धडा आपल्या हयातीतला आहे. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशाचे राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वान्यी ह्यांनी आपल्या जन्मगावी, यामुसुक्रो येथे, शांतिमातेचे महामंदिर बांधले. १९८५ साली पायाभरणी झाली आणि १९८९ साली काम पुरे झाले. उंची १५८ मीटर, आत सात हजार लोकांना बसायला जागा. संगमरवर इटलीहून आणला. हा पैसा आपला स्वतःचा आहे, असे राष्ट्राध्यक्ष सांगत. पण त्याच काळात कोको आणि कॉफीचे भाव कोसळले होते आणि १९८७ साली देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली होती. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्यापुढे पेच पडला. जवळच एक रुग्णालय बांधावे अशी अट त्यांनी घातली आणि १० सप्टेंबर १९९० रोजी मंदिराचा अभिषेक केला. रुग्णालयाची कोनशिलाही त्याच वेळी आशीर्वादित झाली. महामंदिर चार वर्षांत उभे राहिले होते. रुग्णालयात रुग्ण यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

ह्या उदाहरणावर चर्चा करताना त्या देशाला हसू नका. "आधी चर्च होऊ द्या, गरिबांचे मग बघू," असे आपणही म्हणतो. ते "मग" किती लांब जाते, हे यामुसुक्रोने दाखवून दिले आहे.

६. वसईच्या किल्ल्यातील भिंती

फार दूर जायला नको. वसईच्या किल्ल्यात फेरी मारा. संत जोसेफच्या कॅथेड्रलचा मनोरा उभा आहे, छप्पर नाही. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट धर्मसंघांच्या चर्चेसच्या कमानींतून आकाश दिसते. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला घेतला. चर्चमधील घंटा दूरदूरच्या देवळांत गेल्या. मेणवली आणि भीमाशंकर येथे अशा घंटा आजही आहेत. दगडी वैभव संपले. पण गावागावांत संध्याकाळची रोझरी चालूच राहिली, आणि ती म्हणणाऱ्यांचे आपण वंशज आहोत. आपली श्रद्धा कोणत्या भिंतींनी टिकवली? घराच्या भिंतींनी.

ह्याचा अर्थ इमारती व्यर्थ असा नाही. त्यांच्यानंतर ह्याच लोकांनी, शेतीवाडीतून वाचवलेल्या पैशांतून आणि अंगमेहनतीने, पुन्हा चर्चेस उभी केली. लोकांना एकत्र यायला छप्पर लागतेच.

७. निर्णयासाठी कसोट्या

सभेला येताना पुढील मुद्दे मनात असू द्यावेत.

गरज आधी, हौस नंतर. गळके छप्पर, जुनी वायरिंग, गंजलेल्या सळ्या ह्या जिवाच्या गोष्टी आहेत. व्हीलचेअरसाठी उतार आणि वृद्धांसाठी शौचालय ह्याही गरजाच आहेत. दर्शनी भाग थांबू शकतो.

दान मोकळेपणाने यावे. घरटी ठराविक रक्कम लावली की दानाचा कर होतो. वर्गणी दिली नाही म्हणून कोणाचे लग्न, बाप्तिस्मा किंवा अंत्यविधी अडता कामा नये. गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहू नये, असे ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो (कलम ८४८).

गरिबांचा वाटा आधीच जाहीर करावा. एखाद्या हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे लागते (कलम १२६७). छपरासाठी जमवलेला पैसा नंतर मला हॉस्पिटलच्या बिलाकडे वळवता येणार नाही. म्हणून निधी सुरू करतानाच त्याच्या आवाहनात लिहावे की दर दहा रुपयांतला एक रुपया गरजूंच्या औषधोपचारासाठी जाईल.

हिशोब उघडा असावा. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशोब त्यांना द्यावा, असा नियम आहे (कलम १२८७). अर्थसमितीने किमान तीन कंत्राटदारांची दरपत्रके घ्यावीत आणि जमाखर्च दर महिन्याला सूचनाफलकावर लावावा.

बांधणाऱ्या हातांचा विचार व्हावा. मजुरांना वेळेवर पुरी मजुरी, उंचावर काम करताना पट्टा आणि हेल्मेट, प्यायला पाणी, ह्या अटी कंत्राटात लिहाव्यात. अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते (याकोब ५:४). शलमोनाची चूक आपण करू नये.

नावांच्या पाट्या नकोत. दान देताना कर्णे वाजवू नका, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ६:२). दहा रुपये देणाऱ्या आजीची पाटी कोणी लावत नाही.

देखभालीचा खर्च मोजावा. वातानुकूलन एकदा बसते, पण बिल दर महिन्याला येते. जे आपली मुले सांभाळू शकणार नाहीत, ते आपण बांधू नये.

माझे मत मी लपवत नाही. छप्पर, वायरिंग आणि उतार ही कामे ताबडतोब करावीत. वेदी आहे तीच स्वच्छ, नीट आणि सुंदर राखावी. वातानुकूलन नको. आणि मोशेसारखे, रक्कम पुरी झाली की "आता पुरे" असे वेदीवरून जाहीर करायला मला आवडेल. अर्थात निर्णय आपण सर्वांनी, प्रार्थनापूर्वक आणि बिशप महोदयांच्या संमतीने घ्यायचा आहे. तुमचे मत वेगळे असेल तर सभेत येऊन सांगा. घरी बसून सांगू नका!

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. हाग्गय आणि यिर्मया ह्यांपैकी कोणाचा शब्द मला अधिक टोचतो? का?
२. आपल्या समूहात औषधपाणी, शाळेची फी किंवा घरभाडे ह्यांसाठी अडलेले कुटुंब आहे का? आपल्याला ते कधी कळले?
३. मागील वर्षी आपल्या घरातील लग्न, वाढदिवस आणि सजावटीवर किती खर्च झाला? गरिबांसाठी किती?
४. चर्चमधील कोणती गोष्ट तुम्हांला प्रार्थनेला खरोखर मदत करते? तिला किती खर्च येतो?

प्रार्थना

हे प्रभू, तू तंबूत राहिलास, गोठ्यात जन्मलास आणि परक्याच्या कबरीत विसावलास. तुझ्यासाठी घर बांधताना आम्हांला नम्र ठेव. आमच्या छपराखाली येणाऱ्या प्रत्येकाला तुझी ऊब मिळो, आणि जो आत येऊ शकत नाही त्याच्याकडे आमची पावले वळोत. आमेन.

ख्रिस्तात आपला सेवक,
प्रमुख धर्मगुरू